रुमाल, टाइपरायटर, लॅपटॉप : कचेरीतले यंत्र नेमके किती टिकते?

१/
कार्यालयीन वापरासाठी असलेल्या लॅपटॉपच्या जाहिरातीत हल्ली एक शब्दप्रयोग हमखास आढळतो : ‘सैनिकी दर्जाची मजबुती’. प्रोसेसर, रॅम, बॅटरी यांच्या आकड्यांशेजारी हा शिक्का दिसला, की ग्राहक आश्वस्त होतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबून विचारायला हवे, की टिकणे म्हणजे काय? यंत्राचे कवच टिकणे, यंत्र दुरुस्त होत राहणे, की त्यावर लिहिलेला मजकूर पुढच्या पिढीला वाचता येणे? मित्रहो, आजचा धागा या तीन प्रश्नांचा आहे. सुरुवात मात्र लॅपटॉपपासून नाही, कापडाच्या चौकोनी तुकड्यापासून करू.

२/
मराठेशाहीतल्या कारकुनाचे ‘यंत्र’ अगदी साधे होते. बोरू, दौत, काजळीची शाई आणि हातकागद. दौलताबादजवळचे कागजीपुरा किंवा जुन्नर ही या कागदाची नावाजलेली ठिकाणे. लिहून झालेले कागद कापडात बांधून ठेवत. त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतले कित्येक कागद दीडशे ते दोनशे वर्षांचे होते. या साधनांना वीज लागत नव्हती, आणि एक साधन बिघडले म्हणून दुसरे अडत नव्हते. बोरू मोडला तर नवा तासायचा, एवढेच.

३/
काजळीची शाई म्हणजे मुळात कार्बन. तो उन्हाने सहसा फिका पडत नाही. चांगला हातकागदही वाळवी आणि ओल यांपासून जपला, तर शतकानुशतके तग धरतो. म्हणजे पहिल्या कसोटीत, शरीराच्या कसोटीत, रुमाल उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. हे कागद मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचा व्यवहार मागे पडत गेला आणि बाळबोध सर्वत्र रूढ झाली. आज नागपूरकर भोसल्यांच्या काळातले अस्सल पत्र हातात आले, तरी बहुसंख्य मराठी माणसांना ते वाचता येत नाही. कागद शाबूत राहिला. त्याला वाचणारे डोळे विरळ झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा. धाग्याच्या उत्तरार्धात ती पुन्हा भेटणार आहे.

४/
आता नागपूरकडे वळू. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड या कारभाराला जोडले गेले. राजधानी आली की सचिवालय येते, न्यायालये येतात आणि कागदांचा पूर येतो. त्याच सुमारास अमेरिकेत क्रिस्तोफर शोल्स याने टाइपरायटरचे एकस्व मिळवले (१८६८), आणि १८७० च्या दशकात रेमिंग्टन कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत हे यंत्र हळूहळू स्थिरावले. एकसारखे अक्षर आणि कार्बन घातला की एकाच ठोक्यात तीन-चार प्रती, हे त्याचे दोन मोठे गुण. नकलनवीस ज्या कामाला दिवस घालवी, ते आता तासाभरात उरकू लागले.

५/
हे यंत्र इंग्रजीसाठी घडवलेले होते. देवनागरीने त्याला जेरीस आणले. सामान्य टाइपरायटरवर चव्वेचाळीस ते सेहेचाळीस कळा आणि प्रत्येक कळेवर दोन चिन्हे. म्हणजे नव्वदच्या आसपास जागा. त्यात स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे आणि आकडे बसवायचे! यातून काही युक्त्या निघाल्या. अक्षराचा अर्धा भाग एका कळेवर आणि उभी काठी दुसऱ्या कळेवर. काही मात्रांच्या कळा ‘मृत’ ठेवल्या, म्हणजे त्या दाबल्या तरी कागद पुढे सरकत नसे आणि मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसे. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटी, मग क. बोलण्याचा क्रम एक आणि बोटांचा क्रम दुसरा. यंत्रासाठी लिपीच बदलावी, असेही प्रयत्न झाले. सावरकरांच्या लिपिशुद्धीत इ, उ यांऐवजी ‘अि’, ‘अु’ आले. १९५३ मध्ये लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली. मुद्रण आणि टंकलेखन यांची सोय हा या चर्चांतला एक महत्त्वाचा धागा होता.

६/
स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला तो यंत्र कोठून आणायचे हा. कुलपे आणि तिजोऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या बनवणाऱ्या मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये संपूर्ण भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. शेकडो लहान भाग, त्यांचे सूक्ष्म माप आणि लाखो ठोके सोसणारे पोलाद, हे सर्व देशात बनवणे सोपे नव्हते. रेमिंग्टन, हल्डा, फॅसिट ही नावेही भारतीय कचेऱ्यांत दिसत, पण पुढच्या काही दशकांत गोदरेज हे नाव टंकलेखनाशी कायमचे जोडले गेले.

७/
मराठी यंत्रांची गरज दोन निर्णयांनी वाढवली. पहिला, नागपूर करार (२८ सप्टेंबर १९५३). त्यानुसार सरकारने वर्षातला काही काळ नागपुरात येऊन राहायचे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे भरवायचे ठरले. १९६० नंतर हिवाळी अधिवेशन ही नागपूरची ओळखच झाली. मंत्रालयाचा कारभार दरवर्षी फायलींच्या गठ्ठ्यांसह मुंबईहून येथे येऊ लागला. दुसरा निर्णय महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४. मराठी शासनव्यवहाराची भाषा झाली, तसे मराठी टंकलेखकांना आणि टंकयंत्रांना महत्त्व आले. एकीकडे मराठीतला मजकूर वाढत होता, दुसरीकडे कचेरी दरवर्षी आठशे-साडेआठशे किलोमीटर प्रवास करत होती. ‘सोबत नेता येईल असे कार्यालय’ ही कल्पना नागपूरला लॅपटॉपच्या आधीपासून ठाऊक होती.

८/
टाइपरायटर टिकत असे कशामुळे? लोखंडी सांगाडा हे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे उत्तर त्याच्या उघडेपणात होते. वरचे झाकण उचलले, की कळेपासून अक्षराच्या दांडीपर्यंतचा सगळा मार्ग डोळ्यांना दिसे. दांड्या अडकल्या तर बोटाने सोडवता येत. रिबीन सुकली तर नवी घालता येई. रोलरचे रबर कडक झाले तर ते बदलून मिळे. तेलाची बाटली, ब्रश आणि पेचकस एवढ्या सामग्रीवर मेकॅनिक बहुतेक बिघाड निस्तरत असे. न्यायालयांच्या आवारात अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टंकून देणाऱ्यांची यंत्रे वर्षानुवर्षे चालली, त्यांत त्यांच्या पोलादाइतकाच त्या मेकॅनिकचाही वाटा आहे. दुसऱ्या कसोटीचे, दुरुस्तीचे, हे उत्तम उदाहरण.

९/
आता संगणकाकडे. ‘उचलून नेता येईल असा संगणक’ म्हणून १९८१ मध्ये ऑस्बोर्न-१ आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा. शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसणारा हा संगणक मांडीवर ठेवण्याजोगा मुळीच नव्हता. १९८२ मध्ये ग्रिड कॉम्पस आला आणि आजच्या लॅपटॉपचे रूप प्रथम स्पष्ट झाले. पडदा कीबोर्डवर मिटणारा आणि कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. रचनाकार होते बिल मॉग्रिज. किंमत आठ हजार डॉलरांहून अधिक. साहजिकच ग्राहक होते बडे उद्योग, लष्कर आणि ‘नासा’. म्हणजे पाहा : मजबूत धातूचे कवच हे आजच्या महाग लॅपटॉपचे भूषण त्या घराण्याच्या पहिल्या पिढीपासूनचे आहे.

१०/
१९८५ मध्ये तोशिबाने टी-११०० आणला आणि लॅपटॉप सर्वसामान्य उद्योगांच्या आवाक्यात येऊ लागला. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७००सी आला. काळी चौकोनी पेटी, कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका आणि १०.४ इंचांचा रंगीत पडदा. रचनाकार रिचर्ड सॅपर यांच्यापुढे जपानी जेवणाच्या डब्याची, ‘बेंतो’ची, प्रतिमा होती असे सांगतात. १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या एंडेव्हर यानातही थिंकपॅड होता. २००५ मध्ये आयबीएमचा हा व्यवसाय लेनोवोकडे गेला. डेलचा लॅटिट्यूड आणि एचपीचा एलिटबुक (२००८) हे त्याच पंगतीतले पुढचे मानकरी.

११/
घरगुती लॅपटॉप आणि कार्यालयीन लॅपटॉप यांत मूळ भेद कोणता? प्रोसेसर दोन्हींत एकच असू शकतो. भेद असतो तो पुढील गोष्टींत : दिवसाला आठ-दहा तास टंकन सोसणारा कीबोर्ड आणि त्यावर चहा सांडला तर तो खाली निथळून जाण्याची वाट, दिव्याचे प्रतिबिंब न पाडणारा पडदा, हजारो वेळा उघडमीट सोसणारी बिजागरी, प्रक्षेपक, नेटवर्क इत्यादींसाठी पुरेशी छिद्रे, कार्यालयात येऊन दुरुस्ती करून देणारी हमी, आणि सुटे भाग अनेक वर्षे उपलब्ध ठेवण्याचे धोरण. लक्षात घ्या, यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी यंत्रात नाहीतच. त्या कंपनीच्या वागणुकीत आहेत.

१२/
आता त्या ‘सैनिकी दर्जा’च्या शिक्क्याचा इतिहास. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे मानक प्रथम १९६२ मध्ये निघाले. उद्देश असा, की लष्करी साहित्य जेथे वापरले जाणार तेथील उष्णता, थंडी, दमटपणा, धूळ, हादरे आणि धक्के यांची नक्कल प्रयोगशाळेत करून ते साहित्य आधीच पारखावे. या मानकाच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. २००८ मधली ‘जी’ आणि २०१९ मधली ‘एच’ यांची नावे लॅपटॉपच्या जाहिरातींत नेहमी दिसतात. मानक गंभीर आहे, उपयोगी आहे. पण जाहिरातीत त्याचा अर्थ पुष्कळ सैल होतो.

१३/
कसा सैल होतो, ते पाहा. पहिली गोष्ट, या मानकात अनेक चाचण्या आहेत आणि उत्पादक त्यांतल्या काहीच निवडू शकतो. दुसरी, व्यापारी मालाला हे प्रमाणपत्र देणारी कोणतीही सरकारी संस्था नाही. चाचणी स्वतः करून किंवा करवून घेऊन कंपनी तसा दावा करते. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी : पडण्याच्या प्रसिद्ध चाचणीत सुमारे १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा यंत्र पाडतात, परंतु या २६ आपट्या पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा आहे. म्हणजे एकाच लॅपटॉपने सगळ्या २६ आपट्या सोसल्या, असे त्या शिक्क्यावरून म्हणता येत नाही. कोणताही दस्तऐवज वाचताना आपण विचारतो, की हा कोणी लिहिला, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने? जाहिरातीलाही हेच प्रश्न विचारावेत.

१४/
आपल्या विदर्भाचे उदाहरण घेऊ. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. बहुतेक लॅपटॉपच्या तांत्रिक माहितीत मात्र वापराचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस लिहिलेले असते. पंखा बंद, कूलर कोरडा आणि यंत्र गादीवर ठेवलेले, अशा दुपारी सर्वांत आधी झीज होते ती बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. एरवीही तीनशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर तिची क्षमता जाणवण्याइतकी उतरते. म्हणून येथील ग्राहकाने आपट्यांच्या संख्येपेक्षा वारा खेळण्याच्या वाटा, पंखा उघडून साफ करण्याची सोय आणि बॅटरी बदलून मिळण्याची खात्री यांकडे अधिक पाहावे.

१५/
दुरुस्तीच्या कसोटीवर अलीकडचे लॅपटॉप मागे गेले आहेत. जुन्या कार्यालयीन लॅपटॉपची बॅटरी खिट्टी सरकवून निघे. रॅम आणि डिस्क दोन स्क्रू काढून बदलता येत. आयबीएमने तर यंत्र कसे खोलायचे याच्या सविस्तर पुस्तिका खुल्या ठेवल्या होत्या. पुढे यंत्रे सडपातळ झाली आणि अनेकांत रॅम मुख्य पट्टीवर डाख देऊन पक्की बसवली जाऊ लागली. ती बिघडली तर अख्खी पट्टी बदलायची. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर ‘दुरुस्ती-सुलभतेचा गुणांक’ छापणे बंधनकारक केले. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. टाइपरायटरच्या काळी ज्या हक्काचा उच्चारही करावा लागत नव्हता, त्यासाठी आता धोरणे आखावी लागत आहेत.

१६/
मग एवढा दुरुस्तीयोग्य टाइपरायटर गेला कसा? तो मोडून गेला नाही. गोदरेजने २००९ मध्ये उत्पादन थांबवले, आणि २०११ मध्ये उरलेल्या यंत्रांची बातमी जगभर गाजली. त्या दिवशीही देशात चालू स्थितीतली असंख्य यंत्रे होती. पण रिबिनी मिळेनात, मेकॅनिक म्हातारे झाले, कार्यालयांनी संगणकावरचा मजकूर मागायला सुरुवात केली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षाही गेल्या दशकात संगणकावर आल्या. यंत्र एकटे जगत नाही. त्याच्या भोवतीची माणसे, दुकाने, परीक्षा आणि सवयी यांच्या जाळ्यात ते जगते. जाळे विरले, की धडधाकट यंत्रही अडगळीत जाते.

१७/
आता तिसरी कसोटी, मजकुराची. इथे आपल्याच पिढीचा प्रश्न आहे. १९९० च्या दशकात आणि नंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकला जाई. या फाँटमध्ये एक चलाखी होती. संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत साठत. फाँट फक्त त्या जागी देवनागरी आकार दाखवी. फाँट असेपर्यंत पत्र मराठी; तो नसला, की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग. संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका, वंशावळी, प्रबंध, लहान वृत्तपत्रांचे अंक अशा कितीतरी फायली आज याच अवस्थेत आहेत. लॅपटॉप उत्तम, डिस्क शाबूत आणि मजकूर मुका. रुमाल आणि मोडीची गोष्ट आठवली ना? तिथे वाचक हरपायला काही पिढ्या लागल्या होत्या. इथे वीस वर्षे पुरली.

१८/
यातला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. कृतिदेवचा कळफलक रेमिंग्टन टाइपरायटरच्या धर्तीवर बेतलेला आहे. आधी वेलांटी, मग क, हा पोलादी दांड्यांच्या अडचणीतून आलेला क्रम तेथे जसाच्या तसा आला. अर्धे अक्षर आणि काठी हीसुद्धा आली. संगणकाला ही सक्ती मुळीच नव्हती. परंतु हजारो टंकलेखकांची बोटे त्या क्रमाला सरावलेली होती आणि त्यांच्या उपजीविकेचा आदर करायचा तर तोच क्रम ठेवणे भाग होते. टाइपरायटर अडगळीत गेला; त्याची सवय लॅपटॉपमध्ये राहायला आली. कचेरीतल्या यंत्राचा सर्वांत टिकाऊ भाग कोणता, असे विचारले तर मी म्हणेन : माणसाच्या बोटांत बसलेला त्याचा कळफलक.

१९/
यावरचा उपाय मानकांतून आला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, १९९१ चे भारतीय लिपिसंकेताचे मानक आणि त्याच वर्षी आलेली युनिकोडची पहिली आवृत्ती, हे त्याचे टप्पे. युनिकोडमध्ये ‘कि’ आधी क आणि मग वेलांटी असा साठतो, म्हणजे बोलण्याच्या क्रमाने. प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत असल्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय सामान्य संगणकावर आली. आणि २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही जागा मिळाली. बोरूची लिपी लॅपटॉपपर्यंत पोहोचायला एवढा वळसा पडला.

२०/
तेव्हा तीन कसोट्यांचा ताळेबंद असा :
शरीर : रुमाल उत्तम, टाइपरायटर उत्तम, कार्यालयीन लॅपटॉप चांगला, पण उष्णतेपुढे हळवा.
दुरुस्ती : टाइपरायटर सर्वांत पुढे, लॅपटॉप प्रतिमानागणिक वेगळा, म्हणून घेण्यापूर्वी रॅम, डिस्क आणि बॅटरी बदलता येते का, हे विचारावे.
मजकूर : कार्बन शाईचा कागद उत्तम, पण लिपी जाणणारा हवा, लॅपटॉपवरचा मजकूर युनिकोडमध्ये आणि दोन-तीन ठिकाणी साठवलेला असेल, तरच भरवशाचा.

२१/
इतिहासाची आवड असलेल्या तुम्हा सर्वांना एक काम सुचवतो. आपल्या घरी, ग्रंथालयात, मंडळात जुन्या फाँटमधल्या मराठी फायली असतील, तर त्या शोधा. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि एकदा मुळाशी ताडून वाचा, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. पीडीएफ दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. जुन्या फाँटची पीडीएफ दिसते ठीक, पण तिच्यात शब्द शोधू गेले तर सापडत नाही. जे फार मोलाचे आहे त्याची एक छापील प्रत ठेवा. ज्यांनी मजकूर टंकला ती माणसे अजून आपल्यात आहेत, फाँटचे नाव सांगू शकतात. आणखी वीस वर्षांनी विचारायला कोणी नसेल.

२२/
रुमालातला कागद आपल्यापर्यंत आला, कारण कोणी तो बांधला, कोणी वाळवीपासून राखला, कोणी मोडी शिकून वाचला. टाइपरायटर चालला, कारण कोणी त्याला तेल घातले. लॅपटॉपवर कितीही दणकट शिक्का असो, त्याच्याही बाबतीत हाच नियम लागू आहे. वस्तू आपोआप टिकत नाहीत, त्या टिकवल्या जातात. आपल्या काळाचे दप्तर बांधण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे. 🧵